सात मालकाचा राहू द्या, बारावर कसणाऱ्याचे नाव लावा

प्रति,
मा. महसूलमंत्री आणि मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बटईने, ठोक्याने, मक्त्याने, खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांची सरकार दप्तरी नोंद घेण्याबाबत

महोदय,

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन वेगळे कागद आहेत, हे महसूल खात्याला आम्ही सांगावे असे नाही. जमीन कोणाची ते सात सांगतो, तिच्यात काय पेरले ते बारा सांगतो. दोन्ही एका पानावर आले, त्याला आपण सातबारा म्हणू लागलो आणि ज्याचा सात त्याचाच बारा हा समज कधी पक्का झाला ते कळलेही नाही. या पत्रातली सगळी तक्रार त्या एका समजाबद्दल आहे.

आम्ही मराठवाडा आणि विदर्भातल्या गावांमध्ये बटईदारांचे अर्ज लिहून देणारी, त्यांच्याबरोबर बँकेत, तहसिलीत, कृषी कार्यालयात जाणारी माणसे आहोत. आमच्यातले काही जण स्वतःही ठोक्याने जमीन करतात. कोणाची जमीन कोणाला मिळवून द्यावी यासाठी हे पत्र नाही, हे आधीच सांगतो. कारण 'कूळ' हा शब्द नुसता उच्चारला तरी गावात निम्म्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या का पडतात तेही पुढे लिहिले आहे.

आता गप्प बसवत नाही ते दोन निर्णयांमुळे. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधार आणि जमिनीची नोंद जोडून निघतो. म्हणजे ज्याच्या नावावर गुंठाही नाही, पण जो पाच-दहा एकर स्वतःच्या हिमतीवर पेरतो, तो आता सरकारच्या यंत्रणेत शेतकरीच नाही. पूर्वी एखादा ओळखीचा कृषी सहायक समजून घ्यायचा. संगणकाला ओळखपाळख नसते.

दुसरा निर्णय अतिवृष्टीच्या मदतीचा. सप्टेंबर 2025 च्या पावसाने पिके गेल्यावर कोरडवाहू जमिनीला हेक्टरी 8,500 रुपये आणि त्यावर बियाणे व रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत, असे ठरले. मदत झाली याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण पंचनाम्याच्या यादीत नाव येते खातेदाराचे, व्हीके नंबर, म्हणजे मदत जमा होण्यासाठीचा विशिष्ट क्रमांक, पडतो खातेदाराचा, पैसे जमा होतात खातेदाराच्या खात्यात. रब्बीच्या पेरणीसाठी म्हणून दिलेले दहा हजार जो रब्बी पेरणारच नाही त्याच्या खात्यात गेले, आणि ज्याला पेरायचे होते तो बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसला. असे एखाद्या चुकार तलाठ्याच्या हलगर्जीने झालेले नाही. नियमाप्रमाणे काम चोख झाले आणि त्यातूनच हे झाले.

व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण मंत्रालयात बटई आणि ठोका एकच समजले जातात. बटईत मालक जमीन देतो, बियाणे-खत बहुधा निम्मे-निम्मे, मेहनत बटईदाराची, आणि पीक निम्मे-निम्मे. पीक बुडाले तर मालकाचेही निम्मे बुडते. ठोक्यात, म्हणजे मक्त्यात, तसे नाही. गुढीपाडव्याला एकरी रक्कम ठरते, ती बहुतेक वेळा आगाऊ मोजावी लागते, आणि पुढे पाऊस पडो न पडो मालकाचा संबंध संपतो. गेल्या काही वर्षांत बटई मागे पडून ठोका वाढत चालल्याचे आम्ही पाहतो. मालक शहरात राहायला गेला की त्याला खळ्यावर येऊन पोती मोजणे जमत नाही. त्याला रोख बरी वाटते. म्हणजे जोखीम वाटून घेणारी पद्धत जाते आहे आणि सगळी जोखीम कसणाऱ्याच्या गळ्यात टाकणारी येते आहे. नेमक्या याच काळात सरकारची जोखमीवरची प्रत्येक योजना मालकाच्या नावाला बांधली गेली.

सोयाबीनच्या एका एकराचा ढोबळ हिशेब मांडतो. गावागणिक आकडे मागेपुढे होतील. नांगरट 2,000, पाळी-रोटाव्हेटर 1,000, तीस किलो बियाण्याची पिशवी 3,000, डीएपीचे एक पोते 1,350, ट्रॅक्टरची पेरणी 900, तणनाशक 1,000, खुरपणी 1,500, तीन फवारण्या 2,400, उक्ती काढणी 4,000, मळणी क्विंटलला 300 प्रमाणे आठ क्विंटलांची 2,400, वाहतूक-हमाली 800. बेरीज 20,350. ठोका एकरी 12,000 धरा. तो पाडव्याला महिना शेकडा तीनने उचलला तर दिवाळीपर्यंत सात महिन्यांचे व्याज 2,520. एकूण 34,870 रुपये. आठ क्विंटल उतारा आला आणि बाजारात 4,300 भाव मिळाला तर हाती 34,400. चांगल्या वर्षीही 470 रुपयांची खोट, आणि घरच्या दोन माणसांची मजुरी यात कुठेच धरलेली नाही. पावसाने उतारा चार क्विंटलांवर आला तर मळणी-वाहतुकीचे वाचलेले वजा करूनही एकरी सोळा हजारांचा खड्डा पडतो. त्याच एकराची सरकारी मदत, म्हणजे हेक्टरी 8,500 च्या हिशेबाने सुमारे 3,400 रुपये, बारा हजार आगाऊ घेतलेल्या माणसाच्या खात्यात जमा होते.

हाच माल 2025-26 च्या 5,328 रुपयांच्या हमीभावाने गेला असता तर 42,624 आले असते, म्हणजे एकरी साडेसात हजारांच्या वर शिल्लक. पण हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर सोयाबीनची पीक पाहणी लागते, आणि चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, त्या नावाच्या खात्यात जातात. कापसाचेही तेच, नोंदणी मोबाइल अ‍ॅपवर आली तरी कागद जमिनीचाच. मग बटईदार मालकाला गळ घालतो. मालक भला असेल तर कागद देतो आणि पैसे आले की काढून देतो. मालकाचे कर्जखाते थकलेले असेल तर दुसऱ्याच्या मालाचे पैसे अडकून पडण्याची भीती. या भानगडीत पडण्यापेक्षा खेड्यातल्या व्यापाऱ्याला हजार रुपये कमी भावाने घातलेले बरे, असे बहुतेक जण ठरवतात. हमीभाव जाहीर होतो तेव्हा तो बातम्यांमध्ये सगळ्यांना मिळतो.

पीकविम्याचे सांगतो. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या नियमांत कुळाने आणि बटईने करणारा शेतकरी पात्र आहे. कागदावर आमची तक्रार नाही. पण राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. यामागचे कारण आम्हाला ठाऊक आहे : एक रुपयाच्या विम्यात परस्पर दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही विमे काढल्याची प्रकरणे निघाली. चोर पकडायलाच हवेत. पण नोंदणीकृत करार म्हणजे काय ते पाहा. मालकाने आणि कसणाऱ्याने तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे जायचे, मुद्रांक शुल्क भरायचे, दोन साक्षीदार न्यायचे, ऑनलाइन वेळ घ्यायची, अंगठे द्यायचे. मालक पुण्यात किंवा सुरतेला. सामाईक खाते असेल तर बहिणी-भावजयांसह सहा सह्या. आणि इतके करून मालकाला मिळते काय, तर 'माझी जमीन हा माणूस कसतो' असा स्वतःच्याच विरोधातला सरकारी पुरावा. कोण करून देईल? आम्ही लिहून दिलेले बहुतेक करार 500 रुपयांच्या बाँडवर असतात, ते मालक आपल्याच कपाटात ठेवतो, आणि त्यावर ठोक्याऐवजी 'हातउसने' लिहिलेले असते. ज्या अटीमुळे एक अपात्र माणूस अडतो आणि पन्नास पात्र माणसेही अडतात, ती अट चुकीच्या जागी बसवली आहे.

ही भीती आली कुठून, हे आपल्या खात्याला नव्याने समजून घ्यावे लागेल. अलिबागजवळच्या चरीला 1933 ते 1939 अशी सहा वर्षे कुळांनी खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदारांच्या, विरोधात संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली. किंमत ठरली आकारणीच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, वीस ते दोनशे पट. खोताच्या छाताडावरून उठलेल्या माणसांना हा न्यायच होता आणि तो झाला याचा आम्हाला अभिमान आहे. पण कायद्याने पुढचे दारही बंद केले. दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा, तो मालकाच्या घरचा किंवा पगारी गडी नसेल तर, कूळ मानला जातो. कृषकदिनानंतर लावलेल्या कुळालाही वर्षाच्या आत जमीन विकत मागण्याचा हक्क 32-ओ या कलमाने दिला आहे. खंडाची, म्हणजे जमिनीच्या भाड्याची, कमाल मर्यादा आजही त्या कायद्यात आकारणीच्या पाचपट किंवा एकरी 20 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, अशी लिहिलेली आहे. एकरी वीस रुपये, महोदय! वीस रुपयांत आज बांधावर चहा होतो.

या कायद्यातला धाक उरला, संरक्षण उरले नाही. तीन एकरांची विधवा मालकीणसुद्धा 'कूळ लागेल' म्हणून कागद करत नाही. जमीन दरवर्षी वेगळ्या माणसाला देते, किंवा त्याच माणसाला पण यंदा वरचे शेत, पुढल्या वर्षी खालचे. अकरा महिन्यांनी शेत सुटणार हे माहीत असलेला माणूस त्यात शेणखत टाकत नाही, बांध घालत नाही, तळ्यातला गाळ आणत नाही, तूर-सोयाबीनची फेरपालट बघत नाही. युरिया मारतो आणि असेल तेवढे काढून घेतो. तो आळशी नाही, हिशेबी आहे. तीन वर्षांनी मालक म्हणतो, ठोकेवाल्यांनी जमीन मारली. दोघेही खरे बोलतात.

मराठवाड्याला 1950 चा हैदराबादचा कायदा, विदर्भाला 1958 चा वेगळा. कलमांचे आकडे निराळे, धाक तोच.

मालक म्हणजे पूर्वीचा खोत नव्हे, हेही सरकारने ध्यानात घ्यावे, आणि आमच्या काही मित्रांनीही. 1970-71 च्या कृषी गणनेत राज्यात साधारण साडेएकोणपन्नास लाख वहिती खाती होती, सरासरी 4.28 हेक्टर. 2015-16 मध्ये खाती दीड कोटीवर गेली आणि सरासरी 1.34 हेक्टर झाली. एवढ्यावर घर चालत नाही म्हणून कोणी ऊसतोडीला जातो, कोणी कंपनीत, आणि जमीन ठोक्याला लागते. ती घेणारे दोन तऱ्हेचे. एक, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि बोअर आहे आणि जे आजूबाजूचे तुकडे जोडून तीस-चाळीस एकर करतात. त्यांना आमच्या पत्राची गरज नाही. ते मालकाचा कागद, मालकाचा ओटीपी आणि मालकाचे एटीएम कार्ड सगळे सांभाळून असतात. दुसरे भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाले, त्यांत दलित, भटके, आदिवासी आणि एकट्या बायका अधिक. कुळकायद्यात मालक झाली ती बहुतांश दप्तरी नोंद असलेली कुळे. ज्यांचे नाव कुठल्याच नोंदीत नव्हते, ते खळ्यावर राबणारे, त्या वेळीही यादीबाहेर राहिले. त्यांचीच नातवंडे आज यादीबाहेर आहेत. 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 26 लाख शेतकरी आणि 1 कोटी 35 लाख शेतमजूर मोजले गेले. त्या मोजणीत पैसे, धान्य किंवा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन करणाराही 'शेतकरी' या व्याख्येत होता. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातही तो आहे. जनगणनेला जो शेतकरी दिसतो तो तुमच्या पोर्टलला दिसत नाही.

कर्जाचे काय होते पाहा. किसान क्रेडिट कार्डाच्या सूचनांत तोंडी कराराने कसणारा आणि बटईदार स्पष्ट लिहिला आहे. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण नको, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. एकमेकांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटाला कर्ज द्यायची नाबार्डची पद्धत जुनीच आहे. एवढे सगळे असून शाखेत पहिला प्रश्न, सातबारा कुठे? आणि सातबारा आणला तर दुसरा प्रश्न, या गट क्रमांकाच्या जमिनीवर मालकाचे पीककर्ज आधीच आहे, त्याच पिकावर दुसरे कसे देऊ? शाखाधिकाऱ्याचा प्रश्न गैर नाही. मालकाने न पेरलेल्या पिकावर पीककर्ज घेतले आहे, हे त्याला माहीत असते, पण तसे लिहायला त्याच्याकडे रकाना नाही. मग कसणाऱ्याला उरते कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकार, आणि बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचा गट. त्याचा हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. सोयाबीन मात्र वर्षातून एकदा येते. 2017 आणि 2019 च्या दोन्ही कर्जमाफ्यांनी यातल्या एका रुपयालाही हात लावला नाही. पुढची कर्जमाफी होईल तेव्हा तीही बँकेच्या यादीवरच होईल.

शेवटी जी वेळ कोणावर येऊ नये तिच्याबद्दल. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला एक लाखाची मदत 2006 च्या निकषांवर मिळते : तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव. निकषांत शेतजमीन त्याच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावे हवी आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. भूमिहीन बटईदार दोन्ही ठिकाणी बाद. त्याच्या फाइलवर 'अपात्र' लिहिले जाते आणि तो शेतकरी आत्महत्यांच्या पात्र आकड्यातही येत नाही. म्हणजे त्याच्या जाण्याने धोरण बदलावे अशी नोंदसुद्धा मागे राहत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची यादी निघते : जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषीपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, टँकर वगैरे. महसुलाची सूट म्हणजे मालकाचे काही रुपये वाचतात. एकरी बारा हजारांच्या ठोक्याबद्दल त्या यादीत चकार शब्द नाही. 1948 च्या कायद्यात मात्र सरकारने महसूल माफ वा तहकूब केला तर खंडही त्या प्रमाणात माफ वा तहकूब करावा अशी तरतूद आहे. ज्यांनी तो मसुदा लिहिला त्यांना बांधावरचे बरे कळत होते.

यावर उपाय काय, तर इतर राज्यांनी केलेले पाहून, त्यांच्या चुका टाळून करता येईल असे आम्हाला वाटते. पश्चिम बंगालने 1978 पासून बर्गादारांची, म्हणजे तिथल्या बटईदारांची, नोंद केली तेव्हा अधिकारी संध्याकाळी, माणसे शेतातून परतल्यावर, गावात बसले आणि सगळ्यांसमोर विचारून नावे लिहिली; सुमारे 14 लाख नावे चढली. आंध्र प्रदेशाने 2011 मध्ये कसणाऱ्यांना परवाना कार्डे दिली, 2019 मध्ये अकरा महिन्यांच्या पीक हक्क कार्डाचा नवा कायदा केला. पण त्यात मालकाची सही लागते, आणि मालक सही करत नाही तिथे कार्ड अडते. 2016 मध्ये नीती आयोगाने टी. हक यांच्या समितीकडून नमुना कायदा करून घेतला. मालकाचा हक्क अबाधित आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा-मदत, असे त्याचे सूत्र. तो आपल्या दप्तरात आहेच.

आमच्या मागण्या अशा :

1. तिन्ही कुळकायद्यांत एक कलम घाला : ठरावीक नमुन्यात नोंदवलेल्या, अकरा महिन्यांच्या किंवा दोघांनी ठरवलेल्या मुदतीच्या वहिवाटीने कुळहक्क, खरेदीचा हक्क किंवा ताब्याचा हक्क निर्माण होणार नाही. हे परिपत्रकाने भागणार नाही, कायद्यातच हवे; कारण परिपत्रकावर गावातला मालक विश्वास ठेवत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. 1957 आणि त्याआधीच्या कुळांचे जे दावे अजून चालू आहेत, त्यांना या कलमाने धक्का लागणार नाही हेही त्यातच लिहा. ही मागणी पहिली आहे. ती झाल्याशिवाय पुढच्या सक्तीने करू नका, नाहीतर मालक पाडव्यालाच जमीन काढून घेईल आणि शेत पडीक ठेवेल, किंवा ठोका दोन हजारांनी चढवेल.

2. नोंदीचा नमुना एका पानाचा ठेवा : गट क्रमांक, क्षेत्र, कसणाऱ्याचे नाव आणि आधार, बटई की ठोका, मुदत, पीक. नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, व्हावी, दुय्यम निबंधकाकडे नको, शुल्क शून्य. मालकाची सही असेल तर उत्तम. नसेल तर चतुःसीमेच्या दोन शेतकऱ्यांचे जबाब घ्या, मालकाला नोटीस द्या, चावडीवर यादी लावा, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद करा. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्याने शेतात जाऊन विचारावे. कोण पेरतो हे अख्ख्या शिवाराला माहीत असते. हे काम पाडव्यापासून 30 जूनपर्यंत संपवा, म्हणजे 31 जुलैची विम्याची मुदत सापडते.

3. ई-पीक पाहणीत खातेदाराबरोबर 'प्रत्यक्ष कसणारा' असा रकाना द्या. जुन्या हातलिखित सातबाऱ्यावर 'जमीन करणाराचे नाव' आणि 'रीत' असे रकाने होतेच. आज पिकाचा फोटो बटईदार काढतो, ओटीपी मालक फोनवर सांगतो, आणि नोंद मालकाच्या खात्याखाली होते. रकाना आला की ही लपवाछपवी थांबेल. त्याच नोंदीवर कसणाऱ्याला शेतकरी ओळख क्रमांक द्या, मुदतीपुरता का होईना.

4. मदतीचे दोन भाग करा. पीक बुडाल्याची आणि पुढच्या पेरणीची मदत ज्याने पेरले त्याला. जमीन खरडून गेली, विहीर बुजली, तर ती मदत मालकाला. बटईत पिकाची मदत वाट्याप्रमाणे दोघांना. यात भांडणाला जागा फारशी नाही. आज जी भांडणे होतात ती एकाच खात्यात सगळे जाते म्हणून होतात.

5. विम्याला आणि हमीभाव नोंदणीला नोंदणीकृत कराराऐवजी मागणी 2 मधला नमुना ग्राह्य धरा. एका गट क्रमांकावर एका हंगामात एकच विमा, हे संगणकाला सहज तपासता येते. बोगसगिरीला त्याने आळा बसेल.

6. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या पतआराखड्यात कसणाऱ्यांच्या संयुक्त देयता गटांसाठी वेगळा जिल्हानिहाय आकडा ठेवा. जिथे कसणाऱ्याची नोंद आहे त्या क्षेत्रावर मालकाला पीककर्ज न देता गरज असेल तर मुदत कर्ज द्या. बायकांच्या गटांनी जमीन घेऊन कसायची पद्धत केरळात कुटुंबश्री या सरकारी महिला बचतगट मोहिमेने रुळवली आहे. आपल्याकडे बचतगटांचे जाळे तेवढेच मोठे आहे, फक्त त्यांना शेतीसाठी जमीन आणि पीककर्ज मिळत नाही.

7. आत्महत्या मदतीच्या निकषातून जमिनीच्या नावाची अट काढा. गावकऱ्यांचे जबाब, खत-बियाण्याच्या पावत्या, खाजगी कर्जाचा पुरावा चालवा.

8. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या मंडळात नोंदलेल्या ठोक्याचा काही हिस्सा पुढच्या वर्षात वळता करण्याची तरतूद करा. किती, हे मालक आणि कसणारे दोघांना बसवून ठरवा. लहान मालकाचेही घर त्या पैशावर चालते, हे आम्ही विसरलेलो नाही. पीएम किसानचे सहा हजार आणि नमो योजनेचे सहा हजार त्याच्याकडे राहू द्या, त्याबद्दल आमची मागणी नाही.

सीलिंगची, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्यात सरकारकडे आलेली, शिल्लक जमीन, गायरानावरची 1990 पूर्वीची अतिक्रमणे, भूमिहीन दलितांसाठीच्या दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत 2004 पासून चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत देण्याचे ठरूनही जमीन न मिळालेली कुटुंबे, हे सगळे याच प्रश्नाचे भाऊबंद आहेत. ज्याला स्वतःची चार एकर मिळाली तो दुसऱ्याच्या ओट्यावर ठोका ठरवायला जाणार नाही. पण ते एका पत्रात मावत नाही, आणि त्यातले काही न्यायालयात आहे. वर मागितलेल्यासाठी एक गुंठाही जमीन इकडची तिकडे करावी लागत नाही.

या पत्रासोबत आम्ही वापरतो त्या एका पानाच्या कसणूक पत्रकाचा कोरा नमुना जोडत आहोत. तालुक्यातल्या एखाद्या मंडळात येत्या खरिपाला तो चालवून पाहावा. जबाब नोंदवायला आणि चावडीवर बसायला आम्ही येऊ. नवे ठोके पाडव्याला ठरतात. उत्तर त्याच्या महिनाभर आधी आले तर गावोगाव सांगायला वेळ मिळेल.

आपले,
बटईने आणि ठोक्याने कसणारे, व त्यांचे अर्ज लिहून देणारे